गोफरला कुणी मारलं?

काळा पडदा, पांढरी अक्षरं. वर विद्यापीठाचं नाव, खाली आकडे टाकलेली यादी: हवामान, ग्रंथालय, फोनची वही, बातम्या, जगातले बाकीचे गोफर सर्व्हर. डावीकडे एक छोटा बाण. कीबोर्डवरून तो खाली न्यायचा, एंटर मारायचा, की पुढची यादी उघडते. ओळीच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर आत आणखी एक यादी आहे, पूर्णविराम असेल तर वाचायचा मजकूर आहे, प्रश्नचिन्ह असेल तर शोधायची सोय आहे. ‘यू’ दाबलं की एक पायरी वर, ‘क्यू’ दाबलं की बाहेर. १९९२-९३ साली इंटरनेटवर फिरणं म्हणजे अनेकांसाठी हेच होतं. माऊस नाही, चित्र नाही, जाहिरात नाही.

आज इंटरनेट आणि वेब हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण वेब हा इंटरनेटवर धावणाऱ्या अनेक गाड्यांपैकी एक. गोफर ही दुसरी, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं तीच पुढे होती.

गोफरच्या आधी काय होतं ते पाहिलं की त्याची किंमत कळते. दूरच्या संगणकावरची फाईल हवी असेल तर त्या संगणकाचा पत्ता पाठ हवा, आज्ञा पाठ हव्या, आणि फाईल नेमकी कुठल्या फोल्डरात आहे हेही ठाऊक हवं. म्हणजे जे शोधायचं ते आधीच माहीत असलेल्यांसाठीची व्यवस्था! १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅकहिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे सोपं केलं. (या चमूत फरहाद अंकलेसारिया हे नाव दिसलं की मुंबईकर वाचक क्षणभर थबकेल. आडनाव अस्सल पारशी.) विद्यापीठाच्या समितीच्या मनात मेनफ्रेमवर चालणारी एक भारदस्त व्यवस्था होती. या मंडळींनी काही आठवड्यांत साध्या संगणकांवर चालणारी छोटी गोष्ट करून दाखवली. समितीला ती आवडली नाही. बाहेरच्यांना मात्र फार आवडली, आणि विद्यापीठांमागून विद्यापीठं आपापला गोफर सर्व्हर मांडू लागली.

नावात गंमत आहे. गोफर म्हणजे जमिनीत बिळं करणारा छोटा प्राणी. मिनेसोटाला ‘गोफर राज्य’ म्हणतात आणि विद्यापीठाचं बोधचिन्हही तोच. शिवाय इंग्रजीत ‘हे आण, ते आण’ म्हणून ज्याला पळवतात त्या पोऱ्यालाही जवळजवळ हाच शब्द आहे. गोफरचं कामही पोऱ्याचंच. तुमचा संगणक समोरच्या संगणकाच्या ७० क्रमांकाच्या पोर्टवर जातो, एक ओळ देतो, समोरचा मजकूर हातात ठेवतो आणि दार लावून घेतो. यादीतल्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी: काय दाखवायचं, ते कुठे ठेवलंय, कुठल्या संगणकावर, कुठल्या पोर्टवर. त्यामुळे यादीतली पहिली ओळ मिनेसोटातली आणि दुसरी ऑस्ट्रेलियातली असू शके, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे.

हे सगळं मजकुरातच का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. सेकंदाला २४०० बिट नेणाऱ्या मोडेमवरून साधारण २४० अक्षरं येतात. ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे अख्खा पडदा, आठ सेकंदांत भरतो. त्याच मोडेमवर ५० केबीचं एक चित्र यायला साडेतीन मिनिटं. आज तुमच्या फोनवर सकाळी येणारं ‘शुभ सकाळ’चं फूल याच्यापेक्षा मोठं असतं.

गोफरचं जाळं वाढलं तशी त्यात हरवायची भीतीही वाढली. मग १९९२ मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या मंडळींनी ‘व्हेरोनिका’ आणलं. जगभरच्या गोफर याद्यांमधली शीर्षकं गोळा करून त्यांत शोध घेणारं हे साधन. फाईली शोधणारं ‘आर्ची’ आधीपासून होतं, म्हणून हे व्हेरोनिका, आणि त्यानंतर आलेलं एक ‘जगहेड’. ज्यांनी रेल्वे स्टेशनच्या बुकस्टॉलवर आर्ची कॉमिक्स चाळलीत त्यांना वेगळं सांगायला नको.

मग हे गेलं कुठे?

नेहमीचं उत्तर असतं: वेबवर चित्रं आली, मोझेक ब्राउझर आला, गोफर संपला. हे उत्तर मला अर्धंच वाटतं. मोझेकमध्ये गोफरची पानंही उघडत होती, म्हणजे वाचकाला दोन्हींतून एक निवडायची सक्ती नव्हती. निवड करायची होती ती सर्व्हर चालवणाऱ्यांना आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना. आणि त्यांच्यासाठी १९९३ चा वसंत ऋतू निर्णायक ठरला.

त्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठाने जाहीर केलं की गोफर सर्व्हरचा व्यापारी वापर करणाऱ्यांकडून परवाना शुल्क घेतलं जाईल. शिक्षणसंस्थांना फुकटच राहणार होतं. विद्यापीठाची बाजू अगदीच चूक म्हणता येत नाही. जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आपल्या पगारी माणसांनी किती दिवस पोसायचं, हा प्रश्न खराच होता. पण ऐकणाऱ्यांनी वेगळंच ऐकलं: आज व्यापाऱ्यांकडून मागतायत, उद्या कुणाकडूनही मागतील. आपण गोफरसाठी नवं काही लिहिलं तर त्यावरही यांचा हक्क येईल का? एकदा हा प्रश्न डोक्यात आला की माणूस दुसरीकडे बघायला लागतो.

दुसरीकडे वेब होतंच. टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होता. मिनेसोटाच्या घोषणेनंतर काय झालं हे तो पाहत होता, आणि वेबवर कुणाचाही हक्क नको म्हणून संस्थेच्या मागे लागला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं मूळ सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचं केलं. ना परवाना, ना शुल्क. त्या एका वर्षात गोफरची रहदारी ९९७ टक्क्यांनी वाढली असं इंटरनेटच्या कालपटात नोंदलेलं आहे. वेबची वाढली ३,४१,६३४ टक्क्यांनी. वेबची सुरुवात अगदी लहान होती म्हणून हा आकडा इतका फुगलेला दिसतो, हे खरं. तरी दहापटीहून अधिक वाढूनही एखादी गोष्ट शर्यत हरू शकते! १९९४ मध्ये वेबने गोफरला मागे टाकलं.

गोफरच्या घडणीतही एक अडचण होती. त्यात दुवे यादीतच असत, लेखाच्या आत नाही. म्हणजे प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी खणात टाकावीच लागे. रायगडावरचा लेख इतिहासात ठेवायचा की भूगोलात? ग्रंथपालांना असे प्रश्न आवडतात, आणि गोफरवर ग्रंथपालांचं प्रेमही होतं. बाकीच्यांना लेखातच अधोरेखित शब्द मिळाला की बरं वाटतं.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली, तेव्हा शर्यतीचा निकाल लागून गेला होता. पण पडदा काळाच होता. चित्रं दाखवणारं खातं महाग, नुसता मजकूर दाखवणारं शेल खातं स्वस्त, विद्यार्थ्यांना आणखी स्वस्त. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मुलांनी वेब पहिल्यांदा पाहिलं ते लिंक्स या ब्राउझरमधून, कीबोर्डवरच्या बाणांनी दुव्यांवरून उड्या मारत, चित्राच्या जागी कंसात लिहिलेला शब्द वाचत. लिंक्स कॅन्सस विद्यापीठातलं, १९९२ चं, आणि ते गोफरही उघडतं. त्या मुलांच्या हातात दोन्ही जगं एकाच कळीवर होती.

मिनेसोटा विद्यापीठाने २००० साली गोफरचं सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली खुलं केलं. सात वर्षं उशीर झाला होता. फायरफॉक्सने २०११ मध्ये, चौथ्या आवृत्तीपासून, गोफर उघडणं बंद केलं. क्रोमने ते कधी उघडलंच नाही. तरी थोडे सर्व्हर हौशी लोकांनी चालू ठेवलेत. त्यातला फ्लडगॅप नावाचा सर्व्हर व्हेरोनिकाची नवी आवृत्तीही चालवतो, आणि साध्या ब्राउझरमधूनही तिथे जायची वाट त्यांनी ठेवली आहे. फोनवर उघडून बघा. यादी येईल, एका बोटाने वर-खाली करता येईल, आणि थोड्या वेळात ती संपेल.