टेरीनची साडी आणि वाफेचा रंग



पर्युषण जवळ आलं की तपस्वींच्या नावाच्या पिशव्या, रुमाल छापून घ्यायची धावपळ सुरू होते. छापणारा विचारतो, "कापड कोणतं?" आपण म्हणतो, "कोणतंही चालेल." ते चालत नाही, आणि का चालत नाही याला मोठा इतिहास आहे.

इस्त्रीनं नक्षी उतरवणं जुनंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात भरतकामाचे नमुने छापलेले कागद मिळत. कागद कापडावर उलटा ठेवून गरम इस्त्री फिरवली की रेघा उतरत. आपल्याकडे टोचलेला खाका आणि रॉकेलात कालवलेली नीळ यांवर भागे. पण ते सगळं सुईला वाट दाखवण्यापुरतं. रंगीत चित्र कापडात कायमचं मुरायला आधी तसं कापड जन्मावं लागलं.

ते म्हणजे पॉलिस्टर. व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडात त्याचा धागा बनवला. पुढे १९५७ साली फ्रान्सच्या नोएल द प्लास यांच्या लक्षात आलं, की काही रंग तापवले की वितळत नाहीत, कापरासारखी त्यांची थेट वाफ होते. साधारण २०० अंशांला पॉलिस्टर मऊ पडतं, वाफ आत शिरते आणि थंड झाल्यावर तिथंच अडकते. सुतात ती टिकत नाही, धुण्यात निघून जाते. म्हणून सुती पिशवीवर डिंकासारखा थर असलेली फिल्म चिकटवतात. ती वरच बसते आणि पुढेमागे तडकते.

१९६०च्या दशकात आपल्या शेजारच्या ठाण्यात 'टेरीन' बनू लागलं. रात्री वाळत घातलेली साडी सकाळी नेसता येऊ लागली, खळ नको, इस्त्री नको! जैन घरांत आणखी एक कारण होतं. रेशमासाठी कोष आतल्या जिवासकट उकळतात. त्यामुळे ज्यांनी रेशीम सोडलं, त्यांच्या ठेवणीतल्या साड्या आर्ट सिल्कच्या झाल्या. यातला 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल! पूर्वी ते लाकडाच्या लगद्याचं रेयॉन असे, आता बरेचदा पॉलिस्टर असतं. वाफेचा रंग दुसऱ्यावर धरतो, पहिल्यावर नाही.

ओळखायचं कसं? एक धागा चिमट्यात धरून जाळा. सूत आणि रेयॉन कागदासारखं जळतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. आपल्या सांताक्रूझच्या एसएनडीटीत वस्त्रशास्त्र शिकवतात. गंमत बघा, कर्व्यांच्या या विद्यापीठाला १९२० साली १५ लाख रुपये दिले ते विठ्ठलदास ठाकरसींनी, म्हणजे सुती गिरण्यांच्या मालकांनी!

मखमलीवर छापायचं तर दाब कमी हवा, नाहीतर लव चेपून चौकोनी डाग राहतो. नॉनवोव्हन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची. ती १६५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे वाफेच्या छपाईला बाद. रेक्झिनवर तर नमुना-तुकडा छापून पाहिल्याशिवाय ऑर्डर देऊच नये.

आणि भगवंतांची प्रतिमा? मुरलेला रंग कितीही धुतलं तरी जात नाही. पिशवी जमिनीवर ठेवली जाते, खरकट्या हातांनी उचलली जाते, फाटली की पायपुसणं होते. ही आशातना छापतानाच टाळता येते. आमच्याकडे पारण्याच्या पिशव्यांवर तपस्वीचं नाव, तप आणि साल एवढंच असतं, पॉलिस्टर सॅटिनच्या पट्टीवर छापून सुती पिशवीला शिवलेलं.