आपला तो बाब्या

मंडळी, आपल्याकडे एक म्हण आहे: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण घराघरांतली. पण एका मोठ्या देशाच्या निवडणुकीला ती अक्षरशः कशी लागू पडली, आणि त्यात धर्मोपदेशकांनी कोणता वाटा उचलला, ते आज सांगायचे आहे. गोष्ट अमेरिकेतली, १८८४ सालची. आपल्या आनंदीबाई जोशी त्या वर्षी फिलाडेल्फियाला वैद्यकीचा अभ्यास करीत होत्या, एवढ्यावरून काळ ध्यानात यावा.

त्या साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार होते जेम्स ब्लेन. मोठे वक्ते, संसारी गृहस्थ, कायदेमंडळाच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती. डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड. हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर, अविवाहित, आणि प्रेस्बिटेरियन पंथाच्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. सरकारी पैशाच्या बाबतीत माणूस चोख, असा त्यांचा लौकिक होता. १८५६ नंतर डेमोक्रॅट पक्षाचा एकही उमेदवार अध्यक्षपदी निवडून आला नव्हता. तेव्हा दोन्ही बाजू किती इरेला पेटल्या असतील, याची कल्पना करा.

जुलै महिन्यात क्लीव्हलंड यांच्या बफेलो गावातल्या एका वृत्तपत्राने बातमी छापली. दहा वर्षांपूर्वी मरिया हॅल्पिन नावाच्या एका विधवा बाईला क्लीव्हलंड यांच्यापासून मुलगा झाला, अशी ती बातमी. तिचा प्रसार करण्यात पुढाकार कोणाचा? बफेलोतले बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक जॉर्ज बॉल यांचा. असा मनुष्य अध्यक्ष झाला तर ख्रिस्ती घराघरांतील शील बुडेल, अशी हाकाटी सुरू झाली. लेकरू बापाला शोधते आहे, अशा थट्टेच्या घोषणा मिरवणुकींतून घुमू लागल्या.

क्लीव्हलंड यांच्या मित्रांनी घाबरून विचारले, आता लोकांना काय सांगायचे? त्यांनी तार केली: काही झाले तरी खरे तेच सांगा. त्या बाईशी आपला संबंध होता आणि मुलाच्या पोषणाचा खर्च आपण दिला, हे त्यांनी नाकारले नाही. या एका तारेने त्यांची बाजू पुष्कळ सावरली. शाळेतल्या पुस्तकांनाही ती पुढे आवडली असती, इतकी ती सुबक आहे. पण जरा थांबा. त्या तारेकडे आपण पुन्हा येणार आहोत.

इकडे ब्लेन यांचे काय? घरात सज्जन, पण त्यांची जुनी पत्रे बाहेर आली. सभापती असताना एका रेल्वे कंपनीला सोयीचा निर्णय दिल्यानंतर त्यांनी त्याच कंपनीचे रोखे विकून दलाली मिळवली होती, असा आरोप त्या पत्रांवरून झाला. त्यांतल्या एका पत्राच्या शेवटी सूचना होती, की हे पत्र जाळून टाका! पत्र काही जळले नाही.

आता गंमत पाहा. चूक दोघांच्याही पदरी होती. एकाची खाजगी, एकाची सार्वजनिक. धर्माचा तराजू खरा असता, तर दोघांनाही त्यात बसवले असते. पण झाले काय? रिपब्लिकन धर्मोपदेशकांना व्यभिचार दिसला, पण लाच दिसेना. डेमोक्रॅटांच्या बाजूच्या सज्जनांना लाच दिसली, पण त्या बाईचे हाल दिसेनात. क्लीव्हलंड यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत ब्रुकलिनचे नामांकित धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर होते. आयुष्यभर ते रिपब्लिकन, या खेपेस मात्र पलीकडे गेले. स्वतः बीचर यांच्यावर १८७५ साली मित्राच्या पत्नीशी संबंध ठेवल्याबद्दल खटला चालला होता, आणि ज्युरीचे एकमत न झाल्याने तो तसाच सुटला होता. तेव्हा क्षमेचे महत्त्व ते सांगू लागले, की लोक मनात काय म्हणत असतील, ते तुम्हीच ठरवा.

शेवटचा घाव मात्र अनपेक्षित जागी बसला. २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात काही शे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक ब्लेन यांना पाठिंबा द्यायला जमले. त्यांच्या वतीने बोलताना सॅम्युअल बर्चर्ड नावाच्या वयस्क उपदेशकांनी डेमोक्रॅट पक्षाचे वर्णन तीन शब्दांत केले: दारू, रोमन पंथ आणि बंडाळी. ब्लेन समोरच होते. त्यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली नाही. वास्तविक त्यांची स्वतःची आई रोमन कॅथलिक! डेमोक्रॅटांनी ते वाक्य पत्रकांवर छापले आणि मतदानापूर्वीच्या रविवारी कॅथलिक चर्चांच्या दारात वाटले. न्यूयॉर्कमध्ये आयरिश कॅथलिकांची वस्ती मोठी. त्यांच्यापैकी जे ब्लेन यांच्याकडे झुकले होते, त्यांतले बरेच बिथरले.

४ नोव्हेंबरला मतदान झाले. अमेरिकेत प्रत्येक राज्याची ठराविक मते असतात, आणि राज्य जिंकणाऱ्याला बहुधा ती सगळी मिळतात. न्यूयॉर्कची मते ३६. लाखो मतदारांच्या त्या राज्यात क्लीव्हलंड बाराशेहून कमी मतांनी पुढे राहिले, आणि २१९ विरुद्ध १८२ अशा फरकाने अध्यक्ष झाले. न्यूयॉर्क गेले असते, तर ब्लेन २१८ वर पोचले असते. त्या तीन शब्दांनीच निकाल फिरवला असे ठामपणे म्हणता येणार नाही. कारणे आणखीही होती. पण एवढे खरे, की ज्यांनी धर्माच्या नावाने मते मागितली, त्यांना धर्माच्या नावानेच ती गमवावी लागली.

आता त्या तारेकडे वळू. खरे तेच सांगा, असे क्लीव्हलंड म्हणाले. पण सांगितले ते खरे सगळे होते का? मरिया हॅल्पिनचे मूल तिच्यापासून काढून अनाथालयात ठेवले गेले, पुढे दुसऱ्या कुटुंबाने ते वाढवले. तिला स्वतःला वेड्यांच्या इस्पितळात नेले होते. काही दिवसांत ती तिथून सुटली. निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, तिने शपथेवर लिहून दिले, की क्लीव्हलंड यांनी आपल्यावर बळजबरी केली. या आरोपाची कोणत्याही न्यायालयात चौकशी झाली नाही. एका पक्षाने ते निवेदन हत्यार म्हणून छापले, दुसऱ्याने ते खोटे म्हणून झटकले. तिच्याकडे माणूस म्हणून पाहायला कोणाला सवड नव्हती. बायकांना देशभर मताचा अधिकार मिळाला तो १९२० साली. तेव्हा तिची मर्जी राखण्याचे कारणही कोणाला नव्हते. अलीकडच्या काही इतिहासकारांनी तिचे म्हणणे पुन्हा गांभीर्याने वाचायला घेतले आहे, हे बरे झाले.

योहानाच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला लोक येशूपुढे आणून उभी करतात. तिच्याबरोबरचा पुरुष मात्र तिथे नसतो. ज्याच्या हातून पाप घडले नाही त्याने आधी दगड मारावा, असे येशू सांगतो, आणि एकेक जण निघून जातो. बफेलो आणि न्यूयॉर्कच्या उपदेशकांनी ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल. पण त्या वर्षी कोणी दगड खाली टाकला नाही. ज्याने त्याने फक्त नेम बदलला.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना हा इतिहास सांगताना, अध्यक्ष कोण झाला एवढे सांगून थांबू नका. धर्माने राजकारणाला कान धरून प्रश्न विचारावेत, त्यात गैर काहीच नाही. गुलामगिरीविरुद्ध तो प्रश्न अनेक श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांनी विचारला होता. मात्र असा प्रश्न विचारणाऱ्याने तोच प्रश्न आधी आपल्या पक्षाला विचारलेला असावा. आणि मुलांना एक साधी कसोटी द्या. कोणी नीतीच्या गप्पा मारू लागला, की पाहावे: या सगळ्या गलक्यात, ज्याच्यावर खरा अन्याय झाला त्याचे नाव कोणी घेते आहे का? १८८४ साली ते नाव सगळ्यांनी घेतले, पण तिच्यासाठी एकानेही घेतले नाही.