मासळी लोटून दिलेल्या होड्या

रेवसच्या अंगाला आमचा कोळीवाडा. तिथे आमच्या आजाला घड्याळ कधी लागलं नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्याचं गणित. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरणार, अष्टमीला सहाला. अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास भरती आणि उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची ओढ कमी. डोल जाळ्यावर जगणाऱ्याला हे गणित चुकवून चालत नाही. खुंटांना बांधलेलं जाळं पाण्याच्या ओढीनं तोंड उघडून उभं राहतं, बोंबील-जवळा आत शिरतो. मग पाणी जरा थबकतं, तेवढ्यातच जाळं उचलायचं. ती वेळ रात्री दोनची असली तरी उठायचं.

17 जुलै 1947 ला आजा लहान पोर होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशी काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता, आणि आमच्या किनाऱ्यावर घराघरांत रडारड होती. आजा ही गोष्ट सांगायचा तेव्हा बुडालेल्यांवर फार बोलायचा नाही. मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी होड्या कशा वळवल्या, भरलेली मासळी दर्यात कशी लोटली आणि तिच्या जागी माणसं कशी ओढून घेतली, हे तो हातवारे करून सांगायचा. “मासली काय, उद्या गावंल,” एवढं त्यावर त्याचं भाष्य.

नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं. त्यात आमचा मोठा काका गेला. होडी सापडली, काका सापडला नाही. आजा तेव्हा सत्तरी ओलांडलेला. आजीनं त्याची वल्ही दडवून ठेवली. त्यानं ती शोधलीही नाहीत. पडवीत बसून काकाचं जाळं तुणायला घेतलं. काका डावखुरा होता, त्याच्या गाठी उलट्या बसायच्या. आजा बोटांनी चाचपून त्या ओळखायचा. फाटलेलं सगळं काढून त्यानं नवं विणलं, पण त्या उलट्या गाठींचा वीतभर तुकडा झिजला होता तरी कापला नाही. पुढच्या उधाणाला तेच जाळं घेऊन तो दर्यावर गेला. मी विचारलं, “आजा, राग नाय येत दर्याचा?” म्हणाला, “दर्याला रागावून कोली जगंल कसा, पोरा?”

त्याला खरं मोडलं ते नंतरच्या वर्षांनी. त्याआधी कधीच सणाच्या धाग्याच्या जाळ्यांच्या जागी नायलॉन आलं होतं, शिडांच्या जागी इंजिनं आली होती. ते त्यानं आनंदानं घेतलं होतं. पुढे पर्ससीनच्या जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जाऊ लागले. त्याची डोल वर यायची ती चिखल आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन. बोटाएवढी पापलेटं बाजारात वाट्यावर विकली जाताना पाहिली की तो तोंड फिरवायचा. एकदा म्हणाला, “पोराला दर्यानं नेलं, त्ये सोसलं. आता दर्यालाच नेतान, त्ये कसं सोसू?”

होडी उलटली की किनाऱ्यावर हाकाटी होते, अख्खा वाडा धावतो. मासळी वर्षावर्षानं आटते तेव्हा कुणी हाक मारत नाही, म्हणून कुणी निघतही नाही. शासनानं 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवलं, हे चांगलं झालं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तीही हवीच. पण बंदी उठल्यावर कोवळी पापलेटं जाळ्यात येत असतील आणि आपण ती स्वस्त म्हणून घेत असू, तर त्या मानाला अर्थ काय राहिला?

‘रामदास’च्या दिवशी आमच्या माणसांनी एका दिवसाची कमाई पाण्यात सोडली, म्हणून माणसं वाचली. आज दर्या वाचवायचा तर तीच किंमत आहे: पिल्लं सोडून द्यायची, कमी मिळकतीचा दिवस काढायचा. ती एकट्या कोळ्यानं का भरावी? पर्ससीनवाल्यानं भरावी, व्यापाऱ्यानं भरावी, ताटात मासळी मागणाऱ्या प्रत्येकानं भरावी. आजाच्या पिढीनं ती कुणी सांगण्याआधीच भरली होती.