अंगठीची उलटी बाजू

साखरपुड्याच्या खरेदीसाठी भिवंडीच्या बाजारपेठेत सराफाकडे बसलं, की ट्रेमधल्या सगळ्या अंगठ्या दिव्याखाली सारख्याच लखलखतात. बारीक हिरे एकमेकांना खेटून बसवलेले, मधलं सोनं जेमतेम दिसतं. दुकानात याला ‘पावे’ म्हणतात. अशी अंगठी आधी उलटी करून पाहावी. तिचं कूळ मागच्या बाजूनेच कळतं.

मागे प्रत्येक खड्याखाली भोक असतं. जुन्या कुंदनकामात ते नसायचं. तिथे खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा घालत, पाठ बंद ठेवत आणि कडेने शुद्ध सोन्याची पट्टी दाबून खडा पक्का करत. हिरा चपटा, पैलू मोजकेच. चमक बरीचशी त्या पत्र्याची. युरोपात भरपूर पैलूंचा घाट रुळला तसा हिरा स्वतःच उजेड परतवू लागला आणि पुढे पाठ उघडी ठेवायची रीत आली. पावेमध्ये कारागीर सोन्याला भोक पाडून त्यात खडा बसवतो, मग टोकदार हत्याराने आजूबाजूच्या सोन्यातूनच इवलेसे दाणे उचलून खड्याच्या कडेवर दाबतो. खडा त्या दाण्यांच्या भरवशावर असतो.

आपल्याकडे लग्न ठरण्याशी अंगठीचा संबंध तसा उशिराचाच. वाङ्निश्चय तोंडच्या शब्दावर व्हायचा. कुंकू, साडी, ओटी आणि साखरेचा पुडा एवढ्यावर भागायचं. लग्नाची खूण गळ्यात मंगळसूत्र आणि पायात जोडवी. गोष्टींतली अंगठी असे ती ओळख पटवण्यापुरती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्यातली दुष्यंताची अंगठी नाव कोरलेली. तिच्यात कोणता खडा होता, याची चौकशी कोणी करत नाही.

एकाच मोठ्या हिऱ्याची अंगठी हे घराणं वेगळं. न्यूयॉर्कच्या टिफनीने 1886 मध्ये सहा नख्यांवर उचलून धरलेला हिरा विकायला काढला. 1947 मध्ये डी बीअर्ससाठी फ्रान्सिस गेरेटी या जाहिरात-लेखिकेने हिरा चिरंतन असल्याचं घोषवाक्य लिहिलं, आणि प्रेम व हिरा यांची गाठ पक्की झाली. मराठी घराला मात्र एकटा मोठा हिरा फारसा मानवला नाही, असं मला वाटतं. तो लाभतो की नाही, या धास्तीने आधी उशाखाली ठेवून पाहत. सात खड्यांच्या कुड्या मात्र आजीच्या कानात निर्धास्त मिरवायच्या. पावेची आपल्याकडची आजी शोधायची तर ती कुडीच.

पण हौस असून भागत नाही, खडा परवडायला हवा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत आणि मुंबईने असा कच्चा माल उचलला, जो घासायला महागड्या मजुरीच्या देशांत परवडत नव्हता. ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण 1983 ते 2020 चालली; तिथला पुष्कळसा बारीक, तपकिरी माल गुजरातच्या घंट्यांवर, म्हणजे हिरे घासायच्या चकत्यांवर, आला. एक सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग, वजन दोन मिलिग्रॅम, रुंदी साधारण 1.3 मिलिमीटर. एवढ्याशा कणावर 57 पैलू पाडणारे हात स्वस्त होते, म्हणून ट्रेमधल्या अंगठीची किंमत आपल्या आवाक्यात आली. प्रेमाच्या जाहिरातीपेक्षा या मजुरीचं ऋण मोठं आहे.

सोन्याची गंमत निराळीच. 1963 मध्ये सुवर्णनियंत्रणाखाली 14 कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी आली, तेव्हा सोनारांच्या पोटावर पाय आला आणि घरोघरी नाकं मुरडली गेली. नियंत्रणाचा कायदा 1990 मध्ये गेला. आज तेच 14 कॅरट लोक हौसेने घेतात, कारण 22 कॅरटच्या मऊ सोन्यात ते बारीक दाणे झिजतात. छाप पाहावा: 14 ला 585, 18 ला 750. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि नाजूक पावे अंगठी नेमकी त्याच वजनाच्या आसपास घुटमळते. तरीही छाप मागावाच.

पारखायला भिवंडीत साधन हाताशी आहे. यंत्रमागांच्या गावात सुती कापडाच्या तुकड्याला काय तोटा! अंगठी त्यावरून हलकेच फिरवावी. धागा अडकला तर दाणा नीट दाबलेला नाही, आणि तिथला खडा एके दिवशी भांडी घासताना मोरीत जाणार. मेणाच्या नमुन्यातच खडे बसवून वर सोनं ओतलेला घाईचा माल असेल तर भिंगातून प्रत्येक खडा पाहावा. बोटाला पूर्ण वेढा देणारे हिरे टाळावेत, कारण अशा अंगठीचं माप पुढे बदलता येत नाही. खालचा अर्धा भाग कोरा हवा. खडे खाणीतले की प्रयोगशाळेतले, हे नुसत्या डोळ्यांनी सराफालाही सांगता येत नाही, म्हणून ते बिलावर लिहून घ्यावं. निव्वळ सोनं किती, खडे किती सेंट, घडणावळ किती, हेही वेगवेगळं मांडलेलं असावं. मोडीला काढताना बहुतेक ठिकाणी सोनंच मोजतात, बारीक हिऱ्यांना जवळजवळ काही मिळत नाही.