हजेरीत नाव नसलेला शिपाई

बेळगाव हे पलटणीचं गाव. १८१८ साली इथला किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढे छावणी वसली, आणि १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या पट्ट्यात पलटणीत कोणी ना कोणी असलेलं घर शोधावं लागत नाही. साहजिकच लढाया, पदकं आणि हुतात्मे यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. एका माणसाबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. तो लढाईत पडलेला नसतो, पेन्शन घेऊन घरी आलेलाही नसतो. एका सकाळी हजेरीत त्याच्या नावाला उत्तर आलं नाही, एवढीच त्याची माहिती.

अशा माणसाचा शोध कोण घेतं, कुठे घेतं, याचा इतिहास या निबंधात मांडायचा आहे. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. शोध केवढा होणार हे बहुतेक वेळा वहीत पहिल्यांदा कोणता शब्द लिहिला गेला त्यावर ठरतं. 'हरवला' असं लिहिलं तर माणसं बाहेर पडतात. 'पळाला' असं लिहिलं तर फक्त पत्र बाहेर पडतं.

वही कशासाठी होती?

हजेरीची वही हरवलेला माणूस शोधण्यासाठी निघालीच नाही. ती निघाली पगारासाठी. अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायची आणि शिपायांचा 'चेहरा' लिहून ठेवायची पद्धत घातली. अकबराच्या काळात ती अधिक पक्की झाली. चेहरा म्हणजे नाव, बापाचं नाव, रंग, अंगावरच्या खुणा. मराठी फौजांतही गणती होत असे. कारण सरळ होतं: सरदार शंभर स्वारांचा पैसा उचलायचा आणि प्रत्यक्षात साठच बाळगायचा. तेव्हा वहीचा प्रश्न 'या माणसाचं काय झालं?' असा नसे; 'सरकारचे किती पैसे बुडाले?' असा असे.

इंग्रजांची नजरही याहून वेगळी नव्हती. त्यांच्याकडे भरतीच्या वेळी रोख रक्कम मिळे. ती घेऊन पळायचं आणि दुसऱ्या रेजिमेंटमध्ये दुसऱ्या नावाने पुन्हा भरती व्हायचं, हा तिकडे धंदाच झाला होता. म्हणून फरारी शिपायांची वर्णनं 'पोलीस गॅझेट'मध्ये छापून येत, आणि पकडलेल्याच्या अंगावर 'डी' हे अक्षर गोंदलं जाई. ती शिक्षा १८७१ साली बंद झाली. संशयाला तेव्हा कारण होतं हे मान्यच करायला हवं. पण संशयासाठी बनवलेली वही पुढे तशीच वापरात राहिली, आणि तिच्यात खरोखर हरवलेल्या माणसासाठी वेगळा रकाना कुणी आखला नाही.

तीस दिवसांचा हिशेब

आपल्या सैन्याचा कायदा १९५०चा. त्याच्या ३८व्या कलमात पळून जाण्याची शिक्षा आहे. युद्धसेवेत असताना पळाला तर मृत्युदंडापर्यंत, एरवी सात वर्षांपर्यंत कैद. ३९वं कलम बिनपरवाना गैरहजेरीचं. तिथं तीन वर्षांपर्यंत. आपल्या विषयाला महत्त्वाची कलमं मात्र १०५ आणि १०६.

१०६वं कलम सांगतं की शिपाई परवानगीशिवाय तीस दिवस गैरहजर राहिला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवायची. या कोर्टाने दोन गोष्टी तपासायच्या: तो खरंच गैरहजर आहे का, आणि त्याच्या ताब्यातलं सरकारी सामान, हत्यार, दारूगोळा, कपडे, यांतलं काय कमी आहे. गैरहजेरीला परवानगी किंवा दुसरं पुरेसं कारण नाही अशी खात्री पटली की तसं जाहीर करायचं. त्यानंतर तो स्वतः हजर झाला नाही किंवा पकडला गेला नाही, तर कायद्याच्या लेखी तो फरारी. पलटणीच्या बोलीत भगोडा.

यातली मेख पाहा. 'पुरेसं कारण' हे शब्द कायद्यात आहेत, म्हणजे कायदा आंधळा नाही. पण कारण सांगायला तो माणूसच तिथं नसतो. अपघात झाला असेल, भ्रमिष्ट होऊन कुठल्या स्टेशनावर उतरला असेल, कुणी घात केला असेल. त्याची बाजू मांडणारं त्या खोलीत कोणी नाही. सामानाची यादी मात्र पूर्ण असते.

१०५वं कलम शोधाची दिशा ठरवतं. कमांडिंग ऑफिसरने मुलकी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, आणि त्यांनी मॅजिस्ट्रेटचं वॉरंट निघाल्यासारखं समजून त्याला पकडून सैन्याच्या हवाली करायचं. व्यवहारात हे पत्र जातं त्याच्या गावच्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे. म्हणजे माणूस नाहीसा झाला पठाणकोटला आणि हवालदार येऊन दार ठोठावतो ते खानापूर तालुक्यातलं. आई विचारते, 'माझा मुलगा कुठं आहे?' आणि दारातला पोलीसही तेच विचारतो, 'तुमचा मुलगा कुठं आहे?' प्रश्न एकच, पण एकाला तो सापडायला हवा आहे आणि दुसऱ्याला तो पकडायचा आहे.

बर्फाखालचा शोध

सैन्य शोध घेतच नाही, असं यावरून कुणी समजू नये. 'हरवला' हे एकदा नक्की झालं की हेच सैन्य काय करू शकतं, ते आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

३ फेब्रुवारी २०१६ला सियाचीनमधल्या सोनम चौकीवर हिमभिंत कोसळली. चौकी साडेएकोणीस हजार फुटांच्या आसपास. १९ मद्रास बटालियनचे दहा जण गाडले गेले. त्यांत कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद होते आणि सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचा जवान सुनील सूर्यवंशीही होता. कुणी जिवंत असेल ही आशा जवळजवळ सोडून दिलेली होती. तरीही दगडासारखा झालेला बर्फ कापण्याची यंत्रं वर नेली गेली, वास काढायला डॉट आणि मिशा ही कुत्री होती, आणि खोदकाम थांबलं नाही. सहाव्या दिवशी, पंचवीस फुटांहून खाली, हणमंतप्पा श्वास घेत असलेले सापडले. ११ फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. पण ते सापडले ते मेल्यातच जमा धरलेल्यांना शोधायचं कुणी थांबवलं नाही म्हणून.

त्याच हिमनदीने आधी गेलेली माणसंही परत दिली आहेत. १९९३ साली भेगेत पडलेले महाराष्ट्रातले हवालदार टी. व्ही. पाटील २०१४ साली सापडले, एकवीस वर्षांनी. खिशात घरचं पत्र होतं आणि वैद्यकीय दाखला होता, त्यावरून ओळख पटली. १९ कुमाऊँचे लान्स नायक चंद्रशेखर हरबोला मे १९८४ मध्ये गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाले; गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर शाबूत होता. या घरांचं दुःख लहान नाही. पण या माणसांना कुणी भगोडा म्हटलं नाही, कारण ते कुठं आणि कसे गेले हे पलटणीला माहीत होतं. साक्षीदार नसलेल्याची गोष्ट निराळी.

साक्षीदार नसलेली माणसं: टेक्ससचं उदाहरण

साक्षीदार नसताना काय होतं हे तपासायचं तर कागद हवेत, आणि अशा चौकशीचे कागद सहसा बाहेर येत नाहीत. अमेरिकेतल्या एका छावणीचे मात्र सविस्तर छापून आले. म्हणून थोडं लांब जावं लागतं आहे. सैन्य परकं असलं तरी वहीतला प्रश्न तोच आहे.

टेक्सस राज्यातली फोर्ट हूड ही प्रचंड मोठी छावणी. तिथली वीस वर्षांची शिपाई व्हनेसा गियेन २२ एप्रिल २०२०च्या दुपारी नाहीशी झाली. ती शस्त्रागारात काम करत होती. तिच्या गाडीची किल्ली, खोलीची किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट तिथंच राहिलं होतं. पाकीट ठेवून कुणी पळून जातं का? तिच्या आईने आणि बहिणींनी ह्यूस्टनहून येऊन हेच विचारायला सुरुवात केली आणि विचारणं थांबवलं नाही. शोध दोन महिन्यांहून जास्त चालला. ३० जूनला लिऑन नदीच्या काठी तिचे अवशेष मिळाले. संशय होता त्याच छावणीतल्या एका शिपायावर. पोलिसांनी गाठताच त्याने स्वतःला संपवलं. तिचा छळ झाला होता आणि वरिष्ठांनी दखल घेतली नव्हती, हे सैन्याच्या चौकशीत पुढे मान्य झालं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरं प्रकरण जास्त बोलकं आहे, आणि ते कमी लोकांना माहीत आहे. याच छावणीतला ग्रेगरी वेडेल-मोरालेस हा शिपाई ऑगस्ट २०१९ पासून बेपत्ता होता. त्याची नोकरी संपायला थोडेच दिवस राहिले होते. घरी जायला इतके कमी दिवस उरलेले असताना कोण कशाला पळेल? तरी वहीत तो आधी गैरहजर आणि मग फरारी झाला. जून २०२० मध्ये, व्हनेसाचा शोध चालू होता त्याच महिन्यात, छावणीशेजारच्या किलीन गावातल्या एका माळावर त्याचा सांगाडा मिळाला. मग सैन्याने फरारीचा शेरा काढला आणि लष्करी इतमामाने दफन करण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे जवळजवळ दहा महिने तो गावाशेजारीच पडून होता, आणि कागदावर मात्र तो पळत होता.

डिसेंबर २०२०मध्ये स्वतंत्र समितीचा अहवाल आला. चौदा अधिकाऱ्यांना पदावरून दूर किंवा निलंबित केलं गेलं. अहवालातली एक बारीक नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: शिपाई कामावर आला नाही तर पहिल्या चोवीस तासांत त्याच्या लगतच्या वरिष्ठाने नेमकं काय करायचं, याची ठरलेली पद्धतच नव्हती. त्यानंतर अमेरिकी सैन्याने वहीत नवा रकाना आखला, 'गैरहजर, कारण अज्ञात'. तो जास्तीत जास्त ४८ तास ठेवायचा आणि तेवढ्या वेळात माणूस शोधायचा. तो आपखुशीने गेला असं पुराव्यावरून दिसत नसेल तर त्याला पळपुटा लिहायचं नाही, हरवलेला धरायचं, आणि घरच्यांशी बोलायला अधिकारी नेमायचा. एवढासा बदल, पण तो व्हायला माणसांचे जीव जावे लागले.

कुणी म्हणेल, खरोखर निघून जाणारेही असतातच की. असतात. ३० जून २००९ला अफगाणिस्तानच्या पक्तिका प्रांतातल्या चौकीवरून बो बर्गडाल हा अमेरिकन शिपाई स्वतःहून चालत गेला आणि तालिबानच्या हाती लागला. त्याला शोधताना इतर सैनिक जबर जखमी झाले. २०१४ साली पाच कैद्यांच्या बदल्यात तो सुटला आणि २०१७ साली त्याने लष्करी न्यायालयात गुन्हा कबूल केला. शोधाची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हा राग समजण्यासारखाच आहे. पण क्रम पाहा: आधी शोध, मग जाब. आधी शोधलं म्हणून जाब विचारायचा राहून गेला नाही. उलट्या क्रमात मात्र चूक झाली, तर ती दुरुस्त करायला माणूस उरत नाही.

घरच्यांच्या वाट्याला

फरारीचा शेरा बसला की पगार थांबतो हे तर आहेच. त्यापुढचं अवघड. सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना नाही तो मृत धरावा, असा आपल्या पुराव्याच्या कायद्याचा नियम. जुन्या कायद्यात ते १०८वं कलम होतं, २०२३च्या नव्या कायद्यात १११वं. बेपत्ता कर्मचाऱ्याच्या घरच्यांना पोलिसांतली तक्रार आणि 'शोध घेऊनही सापडला नाही' हा दाखला यांवर कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची सोयही १९८०च्या दशकात झाली. पण एका कायद्याने मृत धरायचा माणूस दुसऱ्या कायद्याने फरारी असेल तर बायकोने कोणत्या खिडकीवर जायचं? कुंकू लावायचं की नाही, इथपासून प्रश्न सुरू होतो. विधवा म्हणावं तर दाखला नाही, सुवासिनी म्हणावं तर नवरा नाही. आणि गावात 'पळपुट्याची बायको' हे नाव त्या सात वर्षांत पक्कं होऊन बसतं.

आपल्यासारख्या इतिहास मंडळाचं काम इथंच आहे असं मला वाटतं. सैन्याच्या फायली आपल्या हाती येणार नाहीत. पण ट्रंकेत जपलेले कागद आपल्या पट्ट्यातल्या घराघरांत आहेत: शेवटचं पत्र, मनिऑर्डरची पावती, रेल्वेचं वॉरंट, पलटणीकडून आलेलं दोन ओळींचं टपाल, पोलीस ठाण्याची पोच. ते वाळवी लागण्याआधी उतरवून घ्यायला हवेत. उतरवताना एक गोष्ट विसरू नये. पहिला कागद कोणत्या तारखेचा आहे आणि त्यावर कोणता शब्द आहे, हे आधी टिपावं. 'हरवला' की 'पळाला'? पुष्कळदा त्या घराचा पुढचा सगळा इतिहास त्या एका शब्दाच्या मागे गेलेला दिसेल. तो शब्द लिहिण्याआधी कुणी खरोखर शोधलं होतं का, एवढं विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.