कंडेन्सर आखडतो तेव्हा

डिसेंबरात धानोऱ्याकडच्या एका गावातल्या अभ्यासिकेचा राउटर पहाटे सतत बंद-चालू होई. छपरावर सोलर पॅनेल, खाली पत्र्याच्या पेटीत १२ व्होल्टची बॅटरी आणि राउटरला ५ व्होल्ट देणारं स्विचिंग रेग्युलेटरचं बोटभर मॉड्यूल. संशय आधी बॅटरीवर, मग राउटरवर, शेवटी गारठ्यात अभ्यासाला येणाऱ्या पोरांवर. नऊला पेटीवर ऊन आलं की तक्रार संपली.

मी ते मॉड्यूल चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे नेलं. भर दुपारी त्यांच्या टेबलावर ते अगदी शहाण्यासारखं चाललं. काका म्हणाले, "कंडेन्सर आखडला असन. याले थंडी दाखवून पाहू." मॉड्यूल पॉलिथिनमध्ये गुंडाळून शेजारच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये गेलं. अर्ध्या तासाने काढलं तेव्हा पिशवीवर दव धरलं होतं. छोट्या स्कोपवर पाच व्होल्टची सपाट रेघ करवतीसारखी दातेरी झाली होती. काकांनी सोल्डरिंगचं गरम टोक कंडेन्सरच्या डबीजवळ, न टेकवता धरलं. दात हळूहळू बसत गेले.

मी घरी येऊन शब्दाच्या मागे लागलो. इंग्रजीने 'कंडेन्सर' टाकून 'कपॅसिटर' धरला त्याला आता शंभर वर्षं होत आली. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'धारित्र' आहे. अर्थाला चोख, पण ते मागायला दुकानात कोणी जात नाही. पंख्याचा कंडेन्सर, मोटरपंपाचा कंडेन्सर, हेच चालतं. वर चंद्रपूरकरांची पंचाईत वेगळी: ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्रात वाफेचं पुन्हा पाणी करतो तोही कंडेन्सर, आणि फ्रिजच्या मागची काळी जाळी तीही कंडेन्सर. वाफ, गॅस आणि वीज, तिघांना एकच नाव कसं?

नाव विजेला चिकटवलं इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने, १७८२ साली. क्षीण वीज साठवून तिचा ठाव लावता येईल अशा उपकरणाला त्याने 'कोंदेन्सातोरे' म्हटलं. पहिली शंका जेम्स वॅटवर जाते. त्याच्या वाफेच्या इंजिनातल्या स्वतंत्र कंडेन्सरचं पेटंट १७६९ चं, म्हणजे तेरा वर्षं आधीचं. मला हे पटत नाही. वॅटचा कंडेन्सर थंड करून वाफेचं पाणी करतो. व्होल्टाच्या उपकरणात थंडीचा संबंधच नव्हता. त्याआधीपासून युरोपात हवा दाबून भरायच्या पंपालाही हाच शब्द लावत. लॅटिन 'डेन्सुस' म्हणजे दाट. वीज हा एक पातळ द्रव आहे अशी तेव्हाची समजूत. तो दाटवणारा तो कंडेन्सर. माझ्या मते दोघांनी एकाच जुन्या कोठारातून शब्द उचलला, कोणी कोणाचा उसना घेतला नाही.

गंमत पुढे आहे. वीज दाटत नाही हे कळलं आणि नाव खोटं पडलं. पण १८९६ साली पोलिश इंजिनिअर कारोल पोलाक याने ॲल्युमिनियम आणि बोरॅक्सचं पाणी घेऊन नव्या जातीच्या कंडेन्सरचं पेटंट काढलं. आजची चकचकीत डबी त्याच वंशातली: ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, मध्ये द्रवात भिजवलेला कागद, सगळं विड्यासारखं गुंडाळलेलं. थंडीत तो द्रव खरोखरच दाट होतो. त्यातले आयन जड पावलांनी चालतात, डबीचा आतला रोध वाढतो, आणि मॉड्यूलच्या कॉइलमधून येणारा चढउतार तिला पोटात घेता येत नाही. तोच रिपल. म्हणजे व्होल्टाचं खोटं ठरलेलं नाव शंभरेक वर्षांनी, उलट्या बाजूने, खरं झालं. शब्दार्थाने दाटवणारा म्हणा वा दाटणारा, काकांचा 'आखडला' मला फार जवळचा वाटतो.

आता हा शब्द आपल्या बाजारात शिरला कुठून? जुने रेडिओवाले म्हणतील, आमच्याकडून. स्टेशन लावायचा आमचा 'गँग कंडेन्सर' विसरलात का? पुरावा दमदार आहे. तरी मी गॅरेजच्या बाजूने उभा आहे. 'प्लग-पॉइंट-कंडेन्सर' ही तिकडी स्कूटरवाल्या प्रत्येक घराने ऐकलेली. आणि इंग्रजीतही शब्द शिल्लक राहिला तो मुख्यतः गाडीच्या इग्निशनमध्ये (आणि गायकांच्या माइकमध्ये). रेडिओ घराघरातून गेला, गॅरेज राहिलं.

गॅरेजचा हट्ट धरायला दुसरं कारण आहे. कॉइल, तिचा प्रवाह तोडणारा पॉइंट आणि शेजारी कंडेन्सर: ठिणगीचं हे यंत्र आणि काकांच्या टेबलावरचं मॉड्यूल एका घराण्यातली. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८५३ मध्ये रुमकॉर्फच्या ठिणगी पाडणाऱ्या कॉइलच्या पॉइंटवर कंडेन्सर बसवला, अमेरिकन इंजिनिअर केटरिंगने विसाव्या शतकाच्या आरंभी तीच युक्ती मोटारीत आणली. १९३० च्या दशकातल्या मोटार-रेडिओत थरथरणारा 'व्हायब्रेटर' बॅटरीचा प्रवाह तोडत असे, त्यालाही कंडेन्सर लागे. मग ट्रान्झिस्टर, मग चिप. पॉइंटवरचा कंडेन्सर तिथली ठिणगी दाबतो आणि मॉड्यूलमधला लाटा दाबतो, तेव्हा वंशावळ जुळवताना थोडी ओढाताण होते. ती मी केली आहे.

एक गाठ सुटत नव्हती. धानोऱ्याची पहाट ८-१० अंशांची. ह्या डबीला ती काहीच नाही, डेटाशीटमधले आलेख उणे २५, उणे ४० ला घाबरवतात. काकांनी नवा ४७० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून तेच मॉड्यूल पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवलं, तर रेघेला दात जेमतेम आले. मग दोषी कोण? माझं उत्तर: मे महिना. इथे पारा ४६-४७ ला जातो, पत्र्याच्या बंद पेटीत त्याहून बराच वर. तापमान १० अंशांनी वाढलं की डबीचं आयुष्य निम्मं, असा ढोबळ हिशोब सांगतात. उन्हाळ्याने आतला ओलावा चोरला, चोरी पकडली गेली डिसेंबरात.

मी म्हटलं, मग घन पॉलिमरचे लावू, त्यात ओलं काही नसतंच. काकांनी मान हलवली. ह्या जुन्या चिपचं नियंत्रण त्या डबीतल्या थोड्या रोधावरच उभं असतं. फारच कमी रोधाचा लावला तर ती उलट डगमगते. त्यांनी १०५ अंशांचे दोन, ओले पण जरा मोठे, समांतर लावले आणि कॉइलपासून दूर सरकवले. जुनी डबी कातरून मला दाखवली. कागद वाळक्या तंबाखूच्या पानासारखा कडकडीत होता. बिलावर लिहिलं: कंडेन्सर, २ नग.