कामाच्या जागीचा माणूस आणि छायाचित्र

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाला आणि अल्पावधीतच ही विद्या मुंबईस पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रणास वाहिलेली संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. राजेरजवाडे, पंडित, वकील, व्यापारी अशा प्रतिष्ठितांच्या तसबिरी तेव्हापासून निघू लागल्या. खुर्ची, पडदा, हाताशी ग्रंथ आणि खाली नाव असा त्यांचा थाट असे. परंतु ज्याचे पोट हातावर आहे, अशा माणसाचे त्याच्या कामाच्या जागी काढलेले छायाचित्र ही निराळीच गोष्ट आहे. तिचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. छायाचित्रात आलेल्या कामकऱ्याला स्वतःची जागा आणि स्वतःचे नाव कधी मिळाले, हा त्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

या इतिहासाचा आरंभ मोठा उद्बोधक आहे. मुंबईतील छायाचित्रकार विल्यम जॉन्सन याने मुंबईत राहणाऱ्या आणि तेथे येणाऱ्या निरनिराळ्या जातिजमातींचा सचित्र ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. गुजरात, कच्छ व काठेवाड यांना वाहिलेला पहिला खंड १८६३ चा आणि महाराष्ट्राचा दुसरा खंड १८६६ चा. त्यांतील कित्येक चित्रांची घडण अशी की, माणसांचे छायाचित्र आधी एका ठिकाणी घ्यावयाचे, त्यांच्या आकृती कात्रीने कापावयाच्या, आणि दुसरीकडे घेतलेल्या देवळाच्या, रस्त्याच्या वा किनाऱ्याच्या छायाचित्रावर त्या चिकटवून पुन्हा नवे चित्र तयार करावयाचे. म्हणजे पाठीमागचा देखावा खरा, माणूसही खरा. परंतु त्या दोहोंचा संबंध मात्र कात्रीने जुळवलेला. चित्राखाली जात वा जमात लिहिलेली असे. व्यक्तीच्या नावाची गरज कोणास वाटली नाही. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. १८५७ च्या उठावानंतर प्रजेची ओळख पटवून घेण्याची निकड राज्यकर्त्यांना भासत होती. साहजिकच त्याही ग्रंथात माणूस हा बहुधा आपल्या वर्गाचा नमुना म्हणूनच उभा आहे.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, त्या काळच्या तंत्राच्या मर्यादा मोठ्या होत्या. ओल्या काचेवर चित्र घेण्याची पद्धत १८५१ मध्ये प्रचारात आली. काच ओली असतानाच चित्र घेऊन ती धुवावी लागे, आणि माणसाला काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. कोष्ट्याच्या अंधाऱ्या खोलीत चालत्या धोट्याचे चित्र या पद्धतीने निघणे अशक्यप्राय होते. कोरड्या काचा १८८० च्या सुमारास बाजारात आल्या, मॅग्नेशियमची झगझगीत पूड १८८७ मध्ये निघाली, आणि त्यानंतरच कारखान्यात शिरणे छायाचित्रकाराला साधू लागले.

तंत्राची अडचण सरली तरी नावाचा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर एका शाळामास्तराने दिले. न्यूयॉर्कमध्ये शिकविणाऱ्या लुईस हाइन याने १९०८ पासून बालकामगारविरोधी राष्ट्रीय समितीसाठी अमेरिकेतील सूतगिरण्या, खाणी आणि काचेचे कारखाने यांत काम करणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली. आत प्रवेश मिळावा म्हणून तो निरनिराळी सोंगे घेई. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून अजमावी आणि मुलाचे नाव, वय, काम, पाळी ही माहिती टिपून घेई. सूतगिरणीतील भल्यामोठ्या यंत्रापुढे उभी असलेली लहानशी मुलगी पाहिली की त्या यंत्राच्या उंचीवरूनच तिचे वय डोळ्यांत भरते. येथे पार्श्वभूमी शोभेची उरली नाही. ती साक्षीदार झाली. बालमजुरीस आळा घालणारा टिकाऊ कायदा तेथे १९३८ मध्ये झाला. त्यामागे अनेकांचे श्रम होते. परंतु लोकमत जागे करण्याच्या कामी हाइनच्या चित्रांचा वाटा सर्वमान्य आहे.

मराठी मुलखात या परंपरेशी नाते सांगणारे नाव म्हणजे सुधारक ओलवे यांचे. वृत्तपत्रासाठी छायाचित्रे घेत असतानाच त्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे कृष्णधवल चित्रांत टिपले. गटारात उतरलेला, कचऱ्याच्या ढिगात उभा असलेला माणूस त्यांच्या चित्रांत दिसतो, आणि त्याच माणसाचे घर व कुटुंबही दिसते. या कामाला २००५ मध्ये नॅशनल जिऑग्राफिकचा ‘ऑल रोड्स’ पुरस्कार लाभला. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

महाराष्ट्राबाहेर हा विषय मराठी माणसाला सर्वांत जवळून भिडतो तो सुरतेत. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या उधना–जळगाव लोहमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबे या शहरात आली आणि उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली या भागांत स्थिरावली. डिंडोलीच्या गल्ल्यांत आजही अहिराणी कानी पडते. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाईच्या मिलमध्ये, तर कोणी साड्यांच्या घडीकामावर आहे. या स्थलांतरितांच्या श्रमांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६२ पासून दक्षिण गुजरातेत राहून केला. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड्यांविषयीही त्यांनी लिहिले आहे. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसे, दोन नावे. नोंद मात्र एका हत्याराची. २००० मध्ये ब्रेमन आणि अरविंद दास यांनी दक्षिण गुजरातेतील श्रमिकांवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्यासाठी दिल्लीचे रवी अग्रवाल यांनी छायाचित्रे घेतली. ती २००२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या विख्यात कलाप्रदर्शनातही मांडली गेली.

सुरतेजवळील सचिन येथील कापड कारखान्यात राहुल जैन यांनी ‘मशीन्स’ हा माहितीपट चित्रित केला. २०१६ च्या या माहितीपटाच्या छायालेखनास पुढील वर्षी अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात पारितोषिक मिळाले. त्यात एके ठिकाणी कामगार कॅमेऱ्याभोवती जमतात आणि चित्र घेणाऱ्यालाच विचारतात की, तुम्ही आमची दुःखे पाहून निघून जाणार, मग आम्ही काय करावे ते तरी सांगा. कामाच्या जागी कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू आहे.

लूमच्या कारखान्यात चित्र घेणे आजही सोपे नाही. जागा चिंचोळी, उजेड ट्यूबलाइटचा, हवेत सुताची कस, आणि कानठळ्या बसविणारा खडखडाट. प्रखर फ्लॅश टाकला तर धोटा जागीच थिजतो, अंधार पळतो आणि कारखाना आहे त्याहून स्वच्छ दिसू लागतो. शटर सावकाश ठेवले तर यंत्र पुसट होते आणि निश्चल उभा असलेला माणूस तेवढा स्पष्ट राहतो. शिवाय कामाची जागा म्हणजे केवळ कारखाना नव्हे. साडीला टिकल्या चिकटवणारी, भरतकामाचे सुटे धागे कापणारी बाई आपल्या घराच्या उंबऱ्याशीच बसलेली असते; स्वयंपाक, मूल आणि काम एकाच खोलीत चालते. तिचे तसे चित्र पाहणारा ‘गृहिणी’ म्हणून पुढे जातो. ती कामगार आहे, हे चित्राखालच्या ओळीनेच कळणार.

नाव लिहिण्यात धोकाही आहे. कारखान्यातील चित्र छापून आले आणि नाव उघड झाले, तर कामगाराची रोजी जाऊ शकते. म्हणून नाव नोंदविणे आणि नाव छापणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. माणसाची संमती घ्यावी, नाव जपून ठेवावे, आणि ते केव्हा उघड करावयाचे हे त्यानेच ठरवावे. वृत्तपत्राला इतकी सवड नसते, कारखान्याला तशी इच्छा नसते. हे काम ग्रंथालयाचे आहे.

आपल्या जुन्या ग्रंथालयांच्या भिंतींवर संस्थापकांच्या व देणगीदारांच्या तसबिरी आदराने लावलेल्या असतात, आणि ते योग्यच आहे. पण पुस्तकबांधणी करणारा, कपाटे झाडणारा शिपाई, आणि दिवसपाळी संपवून वर्तमानपत्र वाचावयास येणारा यंत्रमाग कामगार त्या भिंतींवर क्वचितच आढळतो. डिंडोलीसारख्या वस्तीतील घराघरांत कामाच्या जागी काढलेली एखाददुसरी छायाचित्रे पत्र्याच्या पेटीत, अलीकडे भ्रमणध्वनीत, पडून आहेत. मूळ चित्र घरच्यांकडेच ठेवून त्याची प्रत घेता येईल. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखलनोंद होते; लेखक, प्रकाशन, वर्ष, किंमत, सारे लिहिले जाते. तशीच एक वही या चित्रांसाठी उघडावी. माणसाचे नाव, मूळ गाव, काम, यंत्र, साल, चित्र घेणारा आणि संमती, एवढे सात रकाने पुरेत. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती सुवाच्य अक्षर असलेली आणि विचारपूस करण्याची चिकाटी असलेली दोन माणसे. जॉन्सनच्या ग्रंथाखाली जी ओळ १८६३ मध्ये लिहिली गेली नाही, ती आपल्या माणसांच्या बाबतीत लिहून ठेवणे अजून आपल्या हाती आहे.